बिनविरोध कॅसेट

ती. रामकिसन दाजी यांस,

तेलगावाहून तुमचा मेहुणा पंडित याचा नमस्कार. ताईचे गुडघे कसे आहेत? धारूरला टँकर रोज येतो का? इकडे सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे; ती ओळ मी कोरी सोडतो, तुमच्या समजुतीने भरून घ्या.

दाजी, आमची दूध संस्था बुडायला आली आहे, आणि तीही दुष्काळाने नव्हे, कॅसेटने. गेल्या दिवाळीला सभासदांना स्टीलच्या बादल्या भेट दिल्या, तर लोक म्हणाले, बादली दिलीत, आता पाणीही द्या. म्हणून यंदा अध्यक्ष मोहनरावांनी पाण्याशी दुरूनही संबंध नसलेली वस्तू शोधली: टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. (जनावरं छावणीत, पोरं घरात, असा त्यांचा विचार.) बीडचा दुकानदार सगळ्या गेमसोबत एकाच प्रकारची कॅसेट फुकट देणार होता. ती कोणती, हे ठरवायला संचालक मंडळाची सभा बसली आणि सचिव या नात्याने तारा मी जोडल्या.

पहिल्या कॅसेटीत पाखरं मारायची होती. आमचे वारकरी संचालक धुळाजी यांनी गळ्यातली माळ हातात धरली, तेव्हा ती बाद झाली. दुसरीत मोटारींची शर्यत होती. भिवराबाईंनी विचारले, एवढा गुळगुळीत रस्ता बघितल्यावर पोरं इथं कशाला राहतील? तीही बाद. तिसरीत एक माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत पळतो. खड्डे बघून सगळ्यांना घरच्यासारखं वाटलं. एवढ्यात धुळाजी पाणी प्यायला उठले आणि त्यांचा पाय अडकून अध्यक्षांच्या रिमोटची तार निघाली. हे मला दिसले ते सभा संपल्यावर, सामान आवरताना. आता हा खेळ असा, की बटन न दाबता ठेवला तर नमुना म्हणून आपला आपण चालतो. अध्यक्ष बटनं दाबत होते, माणूस एकेक खड्डा पार करत होता, मंडळ टाळ्या वाजवत होतं. अध्यक्षांनंतर रिमोट हातात घ्यायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे कोणी खेळून पाहिलं नाही आणि ठराव बिनविरोध झाला.

आता घरोघरी तो माणूस पहिल्याच खड्ड्यात पडतो आहे. अध्यक्षांनी चांगली कॅसेट स्वतःला ठेवली आणि आम्हाला नासकी दिली, असं गावभर झालं. सभासदांचं म्हणणं, मोहनरावांनी वार्षिक सभेत सर्वांसमोर खेळून दाखवावं, नाहीतर उरलंसुरलं दूध दुसऱ्या दिवसापासून खाजगी डेअरीला. दाजी, डेअरीत सचिव लागत नाही. मला झोप नाही, भूक नाही, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

तुमचा,
पंडित

ता. क. आमच्या लाईनवर आता वायरमन म्हणून तुम्हीच आहात, असं ताईनं कळवलं. वार्षिक सभा सोमवारी सकाळी अकराला आहे. एरवी हमखास जाणारी लाईट त्या वेळेला मात्र असते. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मोहनराव आले. बराच वेळ छावणीतल्या चाऱ्याचं बोलले. मग हळूच म्हणाले, “पंडित, ती तार निघालेली मला तवाच दिसलती. पण टाळ्या लई दिवसांनी वाजल्या व्हत्या.” जाताना त्यांनी तुमचा पत्ता लिहून नेला. तेव्हा एकाच कामाची दोन पत्रं आली तरी लाईट एकदाच घालवा. दोनदा घालवलीत, तर मधल्या वेळात आम्हाला खेळावं लागेल.