कलम चार : वय पंचवीसच्या आत

जिंतूर,
रविवार, दि. १३ जुलै २०२५

तीर्थरूप सिताराम दाजी यांच्या सेवेशी,
धाकटा मेहुणा सिद्धोधन याचा सविनय जयभीम.

येथे आम्ही तिघेही खुशाल आहोत (माझा उजवा गुडघा वगळून, त्याचा खुलासा यथास्थळी येईल). आपली कंबर आता कशी आहे? एकतीस वर्षे एसटीच्या सीटवर बसून जी कंबर कधी दुखली नाही, ती निवृत्तीनंतर सोफ्यावर दुखू लागावी, हे मला न्यायाला धरून वाटत नाही. पंचफुलाअक्कांनाही आमचा जयभीम सांगावा. फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की फोन अक्का मध्येच आपल्या हातून घेतात, आणि हा विषय क्रमाने सांगितल्याखेरीज कळणारा नाही.

आपली भाची संघप्रिया हिला येलदरीच्या एका खाजगी शाळेत संगणक शिकवण्याची नोकरी लागली, हे आपणांस ठाऊक आहेच. शाळा सकाळी सात वीसला भरते आणि पहिली एसटी तेथे आठच्या सुमारास पोचते. म्हणून तिने स्कूटीवर जावे असे ठरले. परवाना तिने रीतसर काढला होता. तरीही वर्तमानपत्रातून रोज तरुण मुलांच्या अपघातांच्या बातम्या वाचून मी घरापुरते ‘वाहन वापराचे नियम’ तयार केले (एकूण कलमे सात, प्रत फ्रिजच्या दारावर). त्यातील कलम चार असे : ‘पंचवीस वर्षांखालील चालकाकडून वाहन पडल्यास अथवा कोठे धडकल्यास, कारण काहीही असो, त्याचा परवाना नव्वद दिवस निलंबित राहील व वडिलांच्या कपाटात जमा होईल.’ गाडी चालवताना मोबाईलवर बोलणाऱ्याचा परवाना सरकार तीन महिने निलंबित करते, म्हणून मुदत तेवढीच ठेवली. आपण सरकारपेक्षा सैल असू नये, एवढाच हेतू होता.

दि. २३ जून रोजी येलदरीच्या वळणावर एक करडू रस्त्यात आले. संघप्रियेने ब्रेक लावला, ओल्या मुरमावर चाक घसरले, एक इंडिकेटर फुटला आणि तिचे कोपर खरचटले. करडू सुखरूप आहे. विशेष म्हणजे घरी येऊन तिने ही हकिकत स्वतःहून, वेळेसह, घरच्या वाहन नोंदवहीत लिहिली. मी त्याखाली तिच्या प्रामाणिकपणाबद्दल लेखी समाधान व्यक्त केले आणि पुढच्याच ओळीत तिचा परवाना २१ सप्टेंबरपर्यंत निलंबित केला. ती परवाना माझ्या हातात देऊन कोपराला हळद लावायला आत गेली. (आमच्या कार्यालयात एखादा कर्मचारी निलंबित झाला तर त्याला आरोपपत्र मिळते, खुलाशाची संधी मिळते, शिवाय निर्वाह भत्ताही मिळतो. संघप्रियेला यांपैकी काहीच मिळाले नाही. रोज सकाळी माझा उपदेश तेवढा मिळत गेला.)

उपदेश सकाळी अशासाठी, की दुसऱ्या दिवसापासून तिला शाळेत सोडण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यावरच आली. मी ताशी तीस किलोमीटरच्या वर जात नाही, हे आपण जाणता. मागे बसलेली संघप्रिया पंधरा दिवसांत एकदाच बोलली : “पप्पा, मागून ट्रॅक्टर साइड मागायलाय.” परिणामी तिला तीनदा उशीर झाला. मुख्याध्यापक किशनराव सज्जन आहेत, पण त्यांनाही संस्थेला उत्तर द्यावे लागते. ते म्हणाले, “मॅडम, सहा महिने तुमची पारख चालू हाय. आनखी एकदा लेट झाला तर मला दुसरी बाई बघावी लागंल.”

म्हणून ११ जुलैला आम्ही वीस मिनिटे आधी निघालो. फाटकापाशी पोचलो तेव्हा दोन मिनिटे शिल्लक होती. ती खरोखर दोनच आहेत की कसे, याची खात्री करण्यासाठी मी घड्याळाकडे पाहिले आणि तेवढ्यात किशनरावांच्या मोटारसायकलला धडकलो. ती स्टँडवर लावलेली होती. ती कुंड्यांवर पडली आणि मी तिच्यावर (येथे गुडघ्याचा खुलासा पूर्ण होतो). मी उठता उठता, वाहन नियोजित जागी लावलेले नव्हते, असा मुद्दा मांडला. किशनराव शांतपणे म्हणाले, “साहेब, गाडी उभी होती. तिनं आनखी काय करायला पाहिजे होतं?” संघप्रियेने मला, मग मोटारसायकलला आणि मग कुंड्यांना उचलले. त्या दिवशीचा उशीर किशनरावांनी मांडला नाही. मात्र मॅडम यापुढे रोज कशा येणार ते सोमवार दि. २१ पूर्वी कळवा, असे बजावले. हा एक आठवडा सहशिक्षिका सगुणाबाई तिला आपल्या गाडीवर नेणार आहेत. पुढे त्या लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर जात आहेत.

घरी आल्यावर मी प्रथम फ्रिजपाशी जाऊन कलम चार वाचले. ते मला लागू होत नव्हते. हे समाधान सुमारे अर्धा मिनिट टिकले, कारण संघप्रियेची आई मनिषा मागेच उभी होती. “पोरीनं पाडली की गुन्हा, अन् तुमी पाडली की अनुभव व्हय?” एवढेच म्हणून ती गुडघ्याला लावायला तेल गरम करू लागली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या मसुद्यातली त्रुटी इतक्या कमी शब्दांत कोणी दाखवली नव्हती.

दाजी, तेव्हापासून विचार करतो आहे. नियमच नसावा असे मी अजूनही म्हणत नाही. ती फोनवर बोलत असती तर मी आजही नव्वद दिवस म्हटले असते, आणि मी बोलत असतो तर मलाही. पण मी कृत्याला शिक्षा केली नाही, वयाला केली. ज्याने पाहून ब्रेक लावला त्याला नव्वद दिवस, आणि ज्याने पाहिलेच नाही त्याला तेल! शिवाय जे चालवूनच शिकायचे, ते तीन महिने बंद ठेवल्यावर ती अधिक सावध कशी होणार, हे कलम लिहिताना मला सुचले नाही. एकोणीसशे नव्वद साली बोरीत मी आपली राजदूत सरळ उकिरड्यात घातली होती. आपण हसला नाहीत. गाडी बाहेर काढून आपण किल्ली पुन्हा माझ्याच हातात दिली आणि म्हणालात, “आत्ताच बस. उद्यावर टाकलंस तर कधीच बसनार न्हाईस.” ते कोणत्याही कलमात नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी संघप्रियेच्या बाहीवरचे रक्त पाहून मी घाबरलो होतो. घाबरलो आहे असे लिहायला नोंदवहीत रकाना नव्हता, म्हणून आदेश लिहिला.

अक्कांना नमस्कार. कंबर शेकत जावी.

आपला,
सिद्धोधन

ता. क. १ : स्वतःचाच आदेश स्वतः मागे घेणे मला शक्य नाही, घरात पुढे कोणी ऐकणार नाही. परंतु कलम सातप्रमाणे अपील घरच्या ज्येष्ठ जावयाकडे, म्हणजे आपल्याकडे, येते. सोबत निकालाचा मसुदा जोडला आहे. तो माझ्या विरुद्ध आहे, म्हणजे संघप्रियेचा परवाना तिला ताबडतोब परत. आपण फक्त सही करावी आणि निकाल स्वतःहून दिल्याचे भासवावे. ‘सिद्धोधन यांचा दृष्टिकोन एकांगी होता’ हे वाक्य कृपया गाळू नये. ते जमवायला मला दोन कागद लागले.

ता. क. २ : त्याच मसुद्यात वयाची अट रद्द करून माझाही परवाना नव्वद दिवस निलंबित केला आहे. त्याबाबत दया दाखवू नये.

ता. क. ३ : पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात टेबलावरचा मसुदा संघप्रियेच्या हाती लागला. तिने लाल पेनाने माझ्या नावापुढचे ‘नव्वद’ खोडून ‘तीस’ केले आहे. हे कोणत्या आधारावर, असे विचारले तर म्हणाली, “तुमची पहिलीच येळ हाय ना, पप्पा.” तिचीही पहिलीच होती. मी दुरुस्तीखाली आद्याक्षरे केली आहेत. आपली सही शनिवारपर्यंत यावी. सोमवारी तिला सात वीसला पोचायचे आहे.