सात टाक्यांचा कोपरा

याडी, आई असलीस तरी तुला लिहायचं म्हटलं की पहिली भीती हीच वाटते, की तू अर्ध्यातच मला थांबवून विचारशील, "मतलब काय हाय तुहा, ते सांग." तुझ्याकडे विनामतलब कोणी येतं यावर तुझा कधी भरवसाच नव्हता. तर मतलब सांगते. मी एक घर बांधते आहे. माझं नाही. दारव्ह्याच्या रस्त्याला एका शहरी माणसाचं शेत आहे. तिथे पाहुण्यांसाठी त्याला एकच खोलीचं चिमुकलं घर हवं आहे, बांबूच्या कुडाचं, मातीने लिंपलेलं, सागाच्या दाराचं. "आणि मॅडम, भिंतींवर तुमच्या तांड्याचं काहीतरी आर्ट पाहिजे," म्हणाला. काहीतरी! मी तिथेच ठरवलं, तू टाक्यांनी भरलेला तो चौकोनी रुमाल घ्यायचा आणि त्याच्यावरूनच घर काढायचं. तू गेल्यापासून रुमाल वहिनीच्या पेटीत आहे. तिने तो हातचा सोडला नाही, समोर बसून फक्त टेप लावू दिला. त्या लांबीच्या पटीत मी चारही भिंती काढल्या. किनारीचे टाके मोजायची गरजच नव्हती, ते माझ्या डोक्यात पक्के होते.

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकतो. रोज येतो, भिंतीपाशी उकिडवा बसतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. विचारलं तर म्हणतो, "सहज." सहज कोणी गुडघे मोडून बसतं का? उद्या अशी दहा घरं तो कोणाकडूनही उभी करून घेईल आणि मी त्यात कुठेच नसेन. म्हणून त्याला दिलेल्या नकाशात मी किनारीच्या कोपऱ्यावर सहा टाके लिहिले. खोटे.

ही विद्या तुझीच. तांड्यावर वही घेऊन एक शहरातली बाई आली होती, मी दहा-एक वर्षांची असेन. तीन दुपारी तू तिला खाटेवर शेजारी बसवून टाके शिकवलेस, चहा पाजलास, गोड गोड बोललीस. मला नवलच वाटलं होतं. ती गेली आणि तू चुलीपुढे भाकर थापत हसायला लागलीस. "कोपऱ्यावर सहा सांगतले तिले. बसन आता घरी उसवत!" हसता हसता तुझी भाकर करपली. मग माझा कान धरून जवळ ओढलंस आणि हळूच म्हणालीस, "सात असते. कोनाले सांगू नको." याडी, तू मला कधी बांगडी दिली नाहीस, की शाळेत जाताना खाऊला पैसा दिला नाहीस. हे सात टाके मात्र दिलेस. फुलसावंगीच्या बाजारात सगळ्या जगापेक्षा आपल्याला एक गोष्ट जास्त माहीत आहे अशा तोऱ्यात मी फिरायचे.

दाराच्या चौकटीवरून किनारीची पट्टी काढायला घेतली. लाल मातीवर चुन्याचे टाके, एकेक टाका बोटभर रुंद. तिसऱ्या कोपऱ्यापासून थोडं सरकल्यासारखं वाटत होतं, पण म्हटलं ओली भिंत आहे, चालायचंच. चार भिंती फिरून परत चौकटीवर आले आणि बघते तर दोन टोकांत चार बोटांचं अंतर. मी मिस्त्रीवर जी घसरले! "काका, भिंत वाढवली तुम्ही. माप काय डोळे मिटून घेतलं?" म्हाताऱ्याने टेप आणला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि चारही भिंती मोजून दाखवल्या. सुताचा फरक नव्हता. "पाहून घ्या बाई," एवढंच म्हणाला. तरी मला वाटलं, यानेच काहीतरी केलं असणार.

मग काळीपिवळीत बसून वहिनीकडे गेले. सगळं ऐकून तिने तोंडावर पदर घेतला. "सात? अवं बाई, आठ असते. तुमाले सात सांगतले का त्यायनं?" मला वाटलं, हीच खोटं बोलते. रुमाल तिच्या हातातून ओढून घेतला आणि खिडकीशी नेऊन एकेक टाका नखाने मोजला. चारही कोपऱ्यांवर आठ. वहिनी मागून सांगत होती, "सासूबाई म्हनत, पोरगी उद्या दुसऱ्या तांड्याची होते. तिच्यासंग आपली किनार कायले धाडाची?"

त्या बाईला सहा, मला सात, सुनेला आठ. वा गं याडी! कोपरा आला की तू माझ्या हातातून सुई काढून घ्यायचीस, "राहू दे, तुहे डोळे दुखतीन," म्हणायचीस. ती मला माया वाटायची. आता एकेक दिवस पुन्हा उलटून बघते आहे, त्यात खरं किती आणि मला गप्प बसवण्यापुरतं किती. ताप आल्यावर माझ्या उशाशी बसायचीस तेही तपासून झालं. त्यात काही खोट सापडली नाही, पण शोधली मी. येताना गाडीत इतकी रडले की शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

पट्टी खरवडून आठ टाक्यांनी पुन्हा काढली. टोकाला टोक बरोबर मिळालं. हा कागद आता मापांच्या वहीत दुमडून ठेवणार आहे, कुठे जायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. परवा शेतमालकाने विचारलं, "मॅडम, आधी काय चुकलं होतं?" मी म्हणाले, "मिस्त्रीचं माप चुकलं होतं." काका तिथेच चौकटीला माती लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, थापी चालूच राहिली. मला तुझं नाव घेता आलं नाही, याडी. माझ्या आईचा माझ्यावर भरवसा नव्हता, हे त्या परक्या माणसापुढे तोंडातून निघेना.