मॅगपाय घळीतली गाडी

मेंढ्यांचा तळ, युटा
७ सप्टेंबर २०१४, रविवार

ती. आर्डिथताईस,
धाकट्या लॅव्हरचा नमस्कार. प्रार्थनेहून येऊन लगेच लिहायला बसलो आहे. आईने लावलेली रविवारच्या पत्राची सवय मी मोडली, असं तू म्हणायला नकोस.

मेंढ्या डोंगरावरून खाली उतरल्या. वर सबंध उन्हाळ्यात फोर्तुनातोने दोन हजारांतल्या फक्त नऊ गमावल्या. पेरूहून आलेला हा मेंढका माझ्याकडे येऊन अकरा वर्षं झाली, पण असा उन्हाळा पहिलाच. खाली आल्यावर मात्र एका दिवसात तीन गेल्या, आणि त्या कोल्ह्यांनी नेल्या नाहीत. शहरातल्या कुठल्याशा टोळक्याने मॅगपाय घळीत टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनमध्ये स्फोटक पुड्या भरल्या आणि त्यावर गोळ्या झाडल्या. पत्र्याचे तुकडे दोनशे हात उडाले. एका मेंढीचं पोट उसवलं होतं, दुसरीला जबडाच उरला नव्हता. दोघींना मी सुरीने मोकळं केलं. तिसरी चालत होती म्हणून आशा धरली. संध्याकाळी बसली ती उठलीच नाही.

सरकारी जमीन खात्याने आता घळीच्या तोंडाशी नोटीस लावली आहे. तिथली नेमबाजी कायमची बंद करायचं म्हणतात. १३ नोव्हेंबरला शाळेच्या सभागृहात सुनावणी आहे. रॉयडनदाजींनी विरोधाचं निवेदन माझ्याकडे पाठवलं आहे. चराईचा परवाना माझ्या नावावर, म्हणून माझ्या सहीला वजन, असं त्यांनी वर लिहिलं आहे. ताई, हाताचं रक्त धुतलं आणि सही केली. बाबांनी आपल्याला रायफल धरायला तिथेच शिकवलं. बाहेरच्यांच्या माजाची शिक्षा घरच्यांना कशाला, असं वाटलं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडण्याआधीच्या शनिवारी तुम्ही रायफलींचा नेम बसवायला येणारच. या वेळी लोकांच्या फुटक्या फ्रिजांवर गोळ्या वाया घालवू नका. आस मोडलेली मेंढक्याची जुनी राहायची गाडी मी घळीच्या टोकाला ओढून ठेवली आहे. फोर्तुनातोला राहायला आता नवा ट्रेलर घेऊन दिला आहे, ही रिकामीच असते. गाडीचं कापडी छत कुजलं, पत्रा गंजला; खुशाल चाळणी करा. दाजींना सांग, गाडी चांगली आठ हात लांब आहे, त्यांचासुद्धा नेम लागेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
लॅव्हर

---

२१ सप्टेंबर, रविवार

चि. लॅव्हर यास,
ताईचे आशीर्वाद. आठ हात लांब हे वाचून रॉयडन दिवसभर फुरफुरत होता. म्हणे, गेल्या वर्षी दुर्बीण वाकडी बसली होती. लग्न झाल्यापासून ती दुर्बीण वाकडीच आहे. तुझ्या मेंढक्याला सांग म्हणाला, त्या दिवशी तुमच्या मालकाला घळीपासून लांब बांधून ठेव, नाहीतर आम्ही मारलेलं एखादं भोक बघून त्याला रडू यायचं.

तुझ्या सहीमुळे तो खूश आहे, पण त्याचं डोकं फिरलेलंच असतं. परवा पेट्रोल पंपावर तो निवेदनावर सह्या घेत होता. सायकल घेऊन आलेला कुणी बाहेरगावचा माणूस म्हणाला, तुमच्यातलं एखादं मढं पडल्याशिवाय तुम्हाला अक्कल यायची नाही. रॉयडनने कागद माझ्या हातात दिले आणि त्याच्या तोंडावर अशी हाणली की दोन दात पडले. मी रॉयडनला कॉलर धरून ओढत गाडीत कोंबलं. घरी येऊन त्याच्या बोटाच्या पेरात रुतलेला दाताचा तुकडा चिमट्याने काढला. लाज वाटली. हसूही आलं, प्रभू क्षमा करो.

११ ऑक्टोबरला आम्ही तिघं येतो: रॉयडन, त्याचा धाकटा भाऊ किंबॉल आणि मी. चीज घातलेले बटाटे मी आणते. लोखंडी हंडीतलं मटण तुझ्याकडे. वेळेवर ये, दर वर्षी तुझी हंडी दुपार टळल्यावर येते.

जपून राहा, एकट्याने फार राबू नकोस.
तुझी,
ताई

---

१२ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,
नमस्कार. काल शेरीफने तुम्हाला चौकशीला नेलं, त्यामुळे आपलं बोलणं झालंच नाही. जे माझं आहे ते लिहून टाकतो.

मी हंडी घेऊन पोचलो तेव्हा गोळ्या थांबल्या होत्या. किंबॉल गाडीच्या दाराशी ओणवा होऊन ओकत होता. फोर्तुनातो आत, बिछाना आणि चूल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पालथा. एक गोळी मानेखालून शिरून काखेतून बाहेर, दोन पाठीत, एक मांडीत. बिछान्यावरून दाराच्या दिशेने तो सरपटला होता. फळ्यांवर त्याच्या तळव्याचे ठसे आहेत. अंग कोमट होतं. मी त्याला उताणं केलं, तेव्हा जखमेतून हवेचा आवाज आला आणि क्षणभर मला वाटलं की हा आहे. नव्हता.

गुरुवारी त्याने मला फोन केला होता. ट्रेलरची चूल धूर कोंडते, डोकं धरतं, दुरुस्त होईतो जुन्या गाडीत झोपतो, असं तो म्हणाला. मी बरं म्हणालो. कोल्ह्यांमुळे रात्री तो कळपाबरोबर जागायचा आणि दिवसा झोपायचा, हेही मला ठाऊक. ताई, गाडी मीच तुम्हाला झाडायला दिली होती आणि मीच त्याला झोपायला दिली. मधले दोन दिवस या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत.

पहिल्या गोळीआधी एकाने निशाणापर्यंत चालत जाऊन त्यावर हात थोपटून यायचं, हा बाबांचा शिरस्ता. दर वर्षी तू जायचीस. काल कुणीच गेलं नाही. दाजी म्हणाले, लॅव्हरने रिकामी म्हणून लिहिलंय ना, मग कशाला पायपीट.

शव गेल्यावर मी फळ्या घासल्या. त्याची कुत्री पायरीवरून हटेना. मी घासत होतो आणि ती माझ्या मागे चाटत होती. तिला बांधावं लागलं.

पेरूला त्याच्या बायकोला, नातिविदादला, मीच फोन केला. मेंढ्यांपुरती येते तेवढ्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, तो लगेच गेला का, की कुणाला हाक मारली. दाजी मला म्हणाले होते, झोपेतच गेला. फळ्यांवरचे ठसे पाहिलेले असूनही मी तिला तेच सांगितलं.

तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे. माझ्यासाठी तू कर.
लॅव्हर

---

१९ ऑक्टोबर, रविवार

चि. लॅव्हर यास,
आशीर्वाद. रॉयडन समोर बसला आहे. हे पत्र त्याने वाचल्यावरच पाकिटात जाईल, तेव्हा त्याचंच म्हणणं लिहिते.

वकील म्हणतो की चार गोळ्या अंगातून आरपार गेल्या, मातीत शिरल्या, कुणाची कुठली हे सांगता येणार नाही. तू एवढंच सांग की फोर्तुनातोला जुन्या गाडीत जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं आणि तो न ऐकता गेला. मग तो अपघात ठरतो. मेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो, असं रॉयडन म्हणतो. उलट तू काहीबाही बोललास तर खटला होईल, रायफली जातील आणि घळीला कुलूप लागेल. रॉयडनने तुला लिहायला सांगितलं आहे की, अरे, तू आमचा मेहुणा आहेस की त्या मेंढक्याचा?

किंबॉल दारूला लागला आहे. मंगळवारी अंगणात तो रॉयडनला खुनी म्हणाला. रॉयडनने फावडं घातलं, त्याचा कान फाटला. मी दोघांवर पाण्याचा पाइप सोडला तेव्हा कुठे सुटले.

काय ते लवकर ठरव.
ताई

---

२६ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,
नमस्कार. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकतो आहे, म्हणजे तुझ्याच हाती पडेल.

दाजींना नाही म्हणालो. शुक्रवारी ते तळावर आले होते. मी म्हणालो, मी बजावलं नव्हतं, मी बरं म्हणालो होतो, आणि सुनावणीत तेच सांगणार. वर घळ बंद करा असंही सांगणार. त्यांनी रायफलीचा दस्ता माझ्या बरगड्यांत घातला. मी पडलो. मग पाठीवर, मग खांद्यावर. मला वाटलं आता दमले. तर ते कुंपणाकडे गेले आणि माझ्या तांबड्या घोडीच्या कानामागे नळी टेकवून चाप ओढला. तिचे पाय बराच वेळ माती उकरत होते. ते मला म्हणाले, हिलाही सांगितलं नव्हतंस का रे, बाजूला हो म्हणून?

ताई, माझी रायफल गाडीत होती, वीस पावलांवर. दाजींची पाठ माझ्याकडे होती. मी रांगत त्यातली निम्मी पावलं गेलो. मग कुत्री आडवी आली, मी तिच्या गळ्यात हात घातला आणि तिथेच राहिलो. मी चांगला आहे म्हणून थांबलो नाही. उरलेली पावलं जमली नाहीत, एवढंच. हे प्रभूपुढे कबूल केलं, तुझ्यापुढेही करतो.

दोन बरगड्या मोडल्या आहेत. शेरीफला अजून कळवलेलं नाही. तू त्या घरात आहेस म्हणून.

तू तिथून नीघ, मग मला कळव.
लॅव्हर

---

२ नोव्हेंबर, रविवार

लॅव्हर,
मैत्रिणीकडे राहायला आले आहे. शेरीफला कळव.

तू त्या बाईला जे सांगितलंस ते खोटं आहे. त्याने हाक मारली हे तुला माहीत नव्हतं, मला होतं.

पहिली गोळी माझी. तीनशे पावलांवरून. दुर्बिणीत कापड हललेलं दिसलं, मला वाटलं बरोबर मधोमध बसली. आणि मग आवाज आला. मी तुला लिहिणार होते की मला ती बिजागरीची करकर वाटली. असं मी तीन वेळा लिहून फाडलं. तो माणसाचा आवाज होता. तो नाती, नाती असं म्हणाला. दोनदा. ते तिचं नाव आहे हे तुझ्या पत्रावरून कळलं.

मी मान वर करून म्हणाले, कुणीतरी बोललं. रॉयडन म्हणाला, मॅगपाय पक्षी किंचाळतोय, तू म्हातारी झालीस, सरक. आणि त्याने झाडली. किंबॉलने झाडली. आणि लॅव्हर, मीही दुसरी झाडली. कारण थांबले असते तर मी ऐकलं होतं असं झालं असतं. झाडत राहिले तर ऐकलं नव्हतं. तेवढ्या एका श्वासात एवढा हिशोब माणूस करतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तुला विसर पडला, तो विसरच. माझा विसर नव्हता.

१३ तारखेला मी येईन. तुझ्या शेजारी बसू देशील का, एवढं कळव.
आर्डिथ

---

७ डिसेंबर, रविवार

ती. ताईस,
कोठडीत पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत.

सुनावणीनंतर तुला अटक झाली, आपली नीट भेटच झाली नाही. मी माझं सांगून खाली बसलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, मेंढ्या हाकायला जा रे, इथे माणसं बोलतायत. मग तू उठलीस आणि पहिली गोळी माझी असं सांगितलंस. तुझा आवाज कापला नाही. बाहेर तुझ्यावर थुंकणाऱ्यांत आपल्या चर्चच्या वॉर्डातली, तुझ्या हातचं जेवलेली माणसं होती. त्यांची नावं मी मनात ठेवणार नाही असं ठरवलं आहे, अजून जमलेलं नाही. तुझ्यामागोमाग किंबॉलनेही जबाब दिला हे तुला कळलं असेलच. दाजी रायफली जमा करून जामिनावर सुटले आहेत.

नातिविदादला मी पुन्हा फोन केला. आधी खोटं सांगितलं होतं असं म्हणालो आणि तुझ्या पत्रातलं सांगितलं, त्याने मारलेल्या हाकेसकट. ती म्हणाली, त्या बाईला सांगा, मी तिला क्षमा केलेली नाही, पण तिने सांगितलं ते मला हवं होतं. मी हे तुला आहे तसं कळवतो आहे, गोड करून नाही.

घळ बंद झाली. २५ नोव्हेंबरला जमीन खात्याने फाटक आणि फलक लावला. दोन दिवसांत फलकाच्या चिंध्या झाल्या. दुसरा लावला, त्याचीही तीच गत. खात्याचा माणूस म्हणाला, सबंध जिल्ह्याला आम्ही दोघं, पहारा कुठून आणू? वरच्या अंगाला नवा मेंढका कळप चारतो. नुकताच आलेला, विशीतला, त्याला इथलं काही ठाऊक नाही.

म्हणून काल शनिवारी मी सकाळीच घळीत गेलो आणि टेकाडाला पाठ लावून निशाणं ठेवतात तिथे उभा राहिलो. दहाच्या सुमारास फाटक तोडून चार गाड्या आल्या. कुणी भोंगे वाजवले, कुणी म्हणालं, ए म्हाताऱ्या, मरायचंय तर घरी मर. एकाने डोक्यावरून झाडली. मागचा दगड फुटून कपची गालात घुसली, डोळ्याखाली तीन टाके पडले. भीती फार वाटली. उभ्या उभ्या येतील तेवढी सगळी स्तोत्रं म्हणून झाली, मग नुसताच उभा राहिलो.

तीन गाड्या तासाभरात परत गेल्या. चौथी दाजींची होती. दुसऱ्या कुणाची तरी रायफल टपावर टेकवून ते दुर्बिणीतून माझ्याकडे बघत होते. नळीचं काळं टोक मला दिसत होतं. दोन वाजेपर्यंत ते तसेच होते आणि मी असाच. मग त्यांनी रायफल आत ठेवली, गाडी वळवली आणि गेले.

पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. ते येतील असं वाटतं. त्यांनी झाडू नये म्हणून प्रार्थना करतो. आणि ताई, त्यांनी येणं सोडू नये म्हणूनही करतो. तिकडे घरात ते एकटे आहेत, आणि जामिनावर आहेत तरी त्यांच्याजवळ रायफल आहे; ती ते स्वतःवरच धरतील याची मला धास्ती आहे.

थंडी वाढली आहे, कोठडीत लोकरीचं जास्तीचं पांघरूण देतात का, विचारून कळव. नाहीतर इथून पाठवतो.
तुझा भाऊ,
लॅव्हर