चौथ्या मजल्यावरचा सिग्नल

बाबा,

शनिवारी आईने आणि मी नवा टीव्ही घेतला. चाळीस इंची, फुल एचडी, मीरा रोडच्या दुकानातून. तुमचा एकवीस इंची ट्यूबवाला गेल्या महिन्यात बंद पडला, तेव्हाच घेणार होतो. पण आई म्हणाली, "आधी ते एचडी खरंच येतं का बघ. हे नेहमी तेच सांगायचे." येतं, बरेच चॅनेल येतात, असं मी सांगितलं, तरी तिने ते विक्रेत्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं. तो तिला सोफा भिंतीपासून किती लांब आहे ते विचारत होता आणि ती त्याला आपली हकिकत सांगत होती. "आमच्या ह्यांचीच केबल होती भाईंदरला. माणूस मेहनती हो. पण शेवटी शेवटी लाइन कमजोर पडली. मग काय, लोकांनी डिश लावल्या." मी तिच्या शेजारी उभी होते. मी विक्रेत्याला विचारलं, मागे एचडीएमआयचे पोर्ट किती आहेत. तीन होते. ते मला आधीच माहीत होतं.

लाइन कमजोर पडली नव्हती. हे मला तुम्हाला लिहून द्यायचं आहे. आमच्याकडे कामावर अशी पद्धत आहे, की तपासणीच्या कागदावर चुकीचा आकडा गेला तर तो खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली. त्याआधीचं दीड वर्षभर तुम्ही रोज समोर होतात, तेव्हा हे काम एका मिनिटाचं होतं.

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा तो माळा मला आठवतो. तुम्ही त्याला कंट्रोल रूम म्हणायचात. तिथे रिसीव्हरची चळत, तीन टेबलफॅन आणि खात्री करून घ्यायला एक छोटा टीव्ही. मी अकरा वर्षांची आहे, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले आहे आणि तुम्ही मला केबलला कनेक्टर बसवायला शिकवताय. वरचं काळं साल काढायचं, जाळी मागे मुडपायची, मधली तांब्याची तार तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ठेवायची. मी वीस कनेक्टर करून तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही एकेक उजेडात धरून पाहिलात आणि सतरावा कापून टाकलात. जाळीचा एक धागा मधल्या तारेला लागला होता. "एक केस राहिला ना बाय, तर सगळ्या मजल्याला मुंग्या दिसतात. आणि मुंग्या दिसल्या की शिव्या मला, तुला नाय." मी रडले नाही. तो पुन्हा केला. तुम्ही तोही उजेडात धरलात आणि काही न बोलता पिशवीत टाकलात. चांगलं झालं, हे तुम्ही असंच सांगायचात.

इंजिनिअरिंग झालं तेव्हा तुम्ही मला सिग्नल मीटर दिलात. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेला, चामड्याच्या पिशवीतला. घेऊन आल्यावर आधी कंट्रोल रूममध्ये तासभर तो प्रत्येक लाइनला लावून पाहिलात, बरोबर सांगतो याची खात्री केलीत आणि मगच घरी आणलात. स्वतः मात्र तो कधी वापरला नाहीत. "मला डोळा पुरतो. तू शिकलीस, तुला आकडा पाहिजे."

तेव्हा मी अंधेरीला सेट-टॉप बॉक्स तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. स्टेशनजवळच्या दुकानांतून सपाट टीव्ही दिसायला लागले होते आणि त्यांच्या खोक्यांवर 'एचडी रेडी' असं चिकटवलेलं असायचं. लोक तुम्हाला रस्त्यात थांबवायचे. "भाऊ, घेऊ का आता?" तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "ट्यूब चालते ना? मग थांबा. अजून एक चॅनेल तसा येत नाही आपल्याकडे. आला की मीच सांगेन." त्याच सुमारास प्रयोगशाळेत आम्हाला एक एचडी चित्रण दाखवलं. कुठल्याशा भाजीबाजाराचं होतं. कोथिंबिरीच्या जुडीतलं पान न् पान वेगळं दिसत होतं. मी तो तुकडा चार वेळा पाहिला. तोपर्यंत मी टीव्हीकडे तुमचा धंदा म्हणून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हे माझं क्षेत्र आहे आणि तुम्हाला यातलं माहीत नाही.

त्या आठवड्यात जेवताना मी ते बोलले. "तुम्ही लोकांना थांबवता, कारण मोठ्या पडद्यावर तुमची लाइन उघडी पडेल."

"अगं, बाबांशी बोलतेयस," आई म्हणाली.

तुम्ही बांगड्याचा काटा काढत होतात. "येतंय तेवढंच दिसणार. टीव्ही काय घरात बसून नवीन ओळी काढणारे?"

"काढतो. पाचशे शहात्तर येतात, त्याच्या सातशे अडुसष्ट करतो. त्याला स्केलर म्हणतात."

"म्हणजे तुझा स्केलर मनाचं सांगतो," तुम्ही म्हणालात. "तू लॅबमध्ये बघितलंस, मी लोकांच्या घरात बसून बघतो. मी मनाचं नाही सांगत कुणाला." आणि आईकडे वाटी सरकवलीत, अजून आमटी द्यायला.

चौथ्या मजल्यावरचे गुजराती काका मला दोनच दिवसांनी जिन्यात भेटले. त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता आणि ते आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. "बेटा, तू तो इंजीनियर है. पापा बोलते हैं रुको. तू क्या बोलती है?" मला कामाला जायला उशीर होत होता. मी थांबले. "ले लीजिए, अंकल. अगले साल तक तो एचडी आ ही जाएगा." ते आलं नाही. कशाच्या आधारावर बोलले, असं प्रयोगशाळेत कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. काकांनी विचारलं नाही. रविवारी त्यांच्याकडे बत्तीस इंची टीव्ही आला.

तिसऱ्या दिवशी ते खाली आपल्या दारात उभे होते. चेहरे धुऊन काढल्यासारखे दिसतात, अक्षरं फाटतात, जुन्या ट्यूबवर याहून बरं दिसायचं. "भाऊ, तुम्हारी केबल में दम नहीं है. इतना महँगा सेट लिया, और ये?" महिन्याच्या मीटिंगपर्यंत सुधारलं नाही तर अख्ख्या बिल्डिंगला डिश लावायचा ठराव मांडतो, असं त्यांनी सांगितलं. बेचाळीस घरं होती. पण प्रश्न बेचाळीसचा नव्हता. केबलवाल्याच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्येच त्याची केबल नाही, हे शेजारच्या बिल्डिंगांना कळायला किती वेळ लागणार होता? तुम्ही काकांशी वाद घातला नाहीत. ते गेल्यावर मला म्हणालात, "बाय, मीटर घेऊन वर जा. आकडा काय येतो तो सांग."

मी एकटीच वर गेले. टीव्हीच्या मागची वायर काढून मीटरला लावली. खालच्या चॅनेलला सदुसष्ट डीबी, वरच्या चॅनेलला चौसष्ट. साठच्या वर असला की सिग्नल चांगला धरतात. मी दोन्ही पुन्हा मोजले. भिंतीपासून टीव्हीपर्यंतची वायर बदलून तिसऱ्यांदा मोजले. तेवढेच. मग मी सोफ्यावर बसून चित्र पाहिलं. मुंग्या नव्हत्या, सावल्या नव्हत्या. लाइनीत दोष असता तर त्या असत्या. होता तो चेहऱ्यांवरचा मऊ लगदा. तुम्ही पाठवत होतात ते चांगलंच होतं, पडदा ते ताणत होता आणि मधलं मनाने भरत होता. काकू म्हणाल्या, "कुछ पता चला?" मी म्हटलं, पापा को बताती हूँ.

तुम्ही खाली जिन्याच्या पायरीवर बसला होतात. "किती?"

"पन्नासच्या आसपास. वरच्या चॅनेलला अजून कमी."

"एवढं पडलंय?"

"हो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग उठलात. "वरचा टॅपचा डबा गेला असेल. रविवारी लाइनच बदलून टाकू."

तो रविवार मला तासातासाने सांगता येईल. तुम्ही चोपन्न वर्षांचे होतात. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत केबलचं भेंडोळं उघडलंत आणि अॅम्प्लिफायरपासून चौथ्या मजल्यापर्यंत नवी लाइन टाकलीत. कठड्यावरून वाकून क्लिपा ठोकल्यात. मी कनेक्टर करून देत होते. एकही कापावा लागला नाही. दुपारी दोनच्या सुमारास तुमचा शर्ट पाठीला पूर्ण चिकटला होता आणि तुम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसून पाणी पीत होतात. तेव्हा मी बोलू शकत होते. आपण दोघंच होतो. मी मनात वाक्यही तयार केलं होतं, आणि ते माझ्या सवयीप्रमाणे व्यवस्थित होतं. मग तुम्ही म्हणालात, "चल, बघू," आणि मी पक्कड पिशवीत टाकली.

काकांनी टीव्ही लावला. "भाऊ, सेम है."

तुम्ही आधी सोफ्यावरून पाहिलंत. मग उठून स्वयंपाकघराच्या दारातून. मग अगदी जवळ जाऊन, वाकून. तुमच्या डोळ्याला ते दिसलं नसेल, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आज ते खरं वाटत नाही. तुम्ही सरळ झालात आणि म्हणालात, "पीछे की मेन लाइन पुरानी हो गई है, सेठ. कंट्रोल रूम से यहाँ तक पूरी बदलनी पड़ेगी. गलती मेरी है." पुन्हा मोज, असं मला सांगितलं नाहीत.

मीटिंगमध्ये ठराव झाला. डिश लागल्या. पुढच्या काही महिन्यांत शेजारच्या दोन बिल्डिंगा गेल्या आणि दिवाळीनंतर तुम्ही उरलेली घरं मोठ्या ऑपरेटरला देऊन टाकलीत. त्यानंतर वर्षभराने तुमचं हृदय बंद पडलं. या दोन गोष्टींचा संबंध दाखवता येत नाही. मी तो जोडत नाही.

काल रविवार होता. मी चौथ्या मजल्यावर गेले. आधी चूक तिथे दुरुस्त करायची, मग आईकडे, असं ठरवलं होतं. काका आता थकलेत, कारखाना मुलगा बघतो. मी म्हटलं, अंकल, पापा की लाइन में उस वक्त कोई खराबी नहीं थी.

"मालूम है," काका म्हणाले. "डिश लगाया तब भी वैसा ही दिखता था. सेट का ही लफड़ा था. मैंने तेरे पापा को नीचे गेट पे पकड़ के बोला भी था."

"क्या बोला?"

"बोला, भाऊ, तुम्हारी लाइन बराबर थी, मैं अगली मीटिंग में बोल देता हूँ सबको. ना बोले. एकदम ना. बोले, मीटर पुराना था, मैंने ही सेकंड-हैंड उठाया था, उसने गलत बता दिया. अब छोड़ो सेठ, बच्ची ने नापा था, उसका नाम आएगा." काकांनी माझ्याकडे बशी सरकवली. "नमकीन ले ना."

मी नमकीन घेतलं. चहा पूर्ण प्यायले. काकूंना नव्या टीव्हीबद्दल त्यांनी विचारलं ते सगळं सांगितलं, कुठला बॉक्स, कुठले चॅनेल. मग जिना उतरले.

मीटर चुकत नव्हता, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे त्या रविवारीच नाही, तरी गेटवर उभ्या उभ्या तुम्ही हिशेब केलात. सेट खराब, तर लाइन चांगली. लाइन चांगली, तर आकडा चांगला. आणि मी खाली येऊन दुसरा सांगितला. एवढं कळल्यावर तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, मला माझ्या कामाबद्दल काहीतरी विचारलं असेल. तो दिवस कुठला, हे मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. तुमच्या वागण्यात फरक पडलेला एकही दिवस मला सापडत नाही.

का केलं, तेही लिहायला हवं. घाबरले म्हणून, असं लिहिलं असतं तर सोपं होतं. मी घाबरले नव्हते. त्या एका गोष्टीत मला तुमच्यापेक्षा शहाणी असायचं होतं, आणि सदुसष्ट म्हटलं असतं तर ते संपत होतं.

काल रात्री आई नव्या टीव्हीसमोर बसली होती. एचडी चॅनेल लावलं होतं. कसलासा पाककृतींचा कार्यक्रम होता, कढईतल्या मोहरीचा दाणा न् दाणा दिसत होता. आई म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं." मी हो म्हटलं. तेव्हा सांगायचं होतं. सांगण्याआधी मला तिला एकच विचारायचं होतं, की लाइनीबद्दल तुम्ही तिला त्या वेळी नक्की काय सांगितलं होतंत. मी ते विचारलं नाही. तुम्ही तिलाही लाइन कमजोर पडली असंच सांगितलं असेल. किंवा सगळं सांगितलं असेल, आणि इतकी वर्षं तीही तुमच्यासारखीच माझं नाव बाहेर ठेवत असेल. ही दुसरी शक्यता मला काढून टाकता येत नाही.

हे पत्र मी ऑफिसच्या खणात ठेवणार आहे. आईच्या हाती लागू नये म्हणून, असं मी आत्तापर्यंत स्वतःला सांगत होते. पण ती रागावेल याची मला भीती नाही. ती हे वाचेल, घडी घालून परत ठेवेल आणि मला जेवायला हाक मारेल, याची आहे.