मेलेल्यांच्या झेंड्याला रफू

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच. लेक कॉलेजातून आली. "जेवलीस का?" — "हं." "उद्या लवकर जायचंय?" — "हं." ह्यांना जाऊन दोन महिने होऊन गेले, पोरीच्या डोळ्यांतून टिपूस नाही. भांडली असती, ताट आपटलं असतं, तरी चाललं असतं. हे "हं" मात्र मला सोसत नाही.

ह्यांच्या टेबलाला ती हात लावू देत नाही. खेळातली बोटभर सांगाड्यांची फौज आहे तशीच उभी, शेवटची पलटण तर अजून बिनरंगाची. धूळ पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे." तेवढे दोन शब्द तरी मिळाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

कवळीवाले भाऊजी माझ्या रफूच्या दुकानात आले होते. ह्यांचे खेळातले जोडीदार — टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडायच्या आणि फासे टाकून लढाई खेळायची, तो खेळ. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच ते पडलं. कोटाचं अस्तर उसवलंय म्हणाले. अस्तर कसलं — निमित्त!

"वहिनी, तेवीस तारखेला क्लबात त्याच्या आठवणीचा डाव ठेवतोय. फौज त्याचीच मांडायची. बापाच्या जागी पोरीनं खेळायचं, समोर मी."

पण क्लबाचा नियम कडक. रंगवलेला नसेल तो पुतळा टेबलावर चालत नाही.

लेकीला सांगितलं. म्हणाली, "बरं." "हं" नाही, "बरं"! मी तेवढ्यानंच हुरळले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांना बाहुल्या म्हणत आले आणि हे दर वेळी "पुतळे!" म्हणून मला सुधारत आले. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचं काम ह्यांचं. दिवसभर चेपलेले पत्रे बघायचे, घरी येऊन चेपलेली चिलखतं रंगवायचे. लोक घरी आल्यावर कामाचा विषय नको म्हणतात. ह्यांचं सगळं उफराटंच.

उफराटंच होतं, असं लिहायला हवं. जमत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लेक मैत्रिणीकडे गेली आणि मी संधी साधली. ह्यांच्या खुर्चीवर बसले. शेवटची पलटण पुढ्यात घेतली.

अगंबाई, काय ती दशा! झेंड्यांना भोकंच भोकं. ढाली तडकलेल्या. शिरस्त्राणं एका कानावर कललेली. निम्मे तर अनवाणी. कारखान्यातून सदोष माल माथी मारला असणार, दुसरं काय! हे पावती बघण्यातले नव्हेतच.

मी रफूवाली. बारीक कामाला भीत नाही. भोकं पुट्टीनं बुजवली, शिरस्त्राणं सरळ करून चिकटवली, तडे घासून काढले. मग सगळ्यांच्या ढाली एकसारख्या निळ्या आणि मधोमध पांढरा तारा. गणवेश म्हणजे गणवेश. शाळांचे इतके शिवलेत, मला नाही कळणार? सगळी रांग कशी टापटीप दिसतेय. आता बघून पोरगी हसेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

हसते कसली! किंचाळली.

"आई, काय केलंस हे! बाबांनी मुद्दाम फाडलं होतं! सुई तापवून एकेक भोक पाडलं होतं त्यांनी. मांत्रिकानं थडग्यांतून उठवलेली मेलेली माणसं आहेत ती, शाळेत चाललेली मुलं नाहीत!"

आणि मग सुटलीच. पुरलेल्या माणसाचं कातडं आधी कुजतं — म्हणजे चिलखताचे पट्टे. हनुवटीखालचा पट्टा गेला की शिरस्त्राण कलणारच. बूट नसतात, कारण बूट जिवंत माणसं काढून घेतात. चांगली तलवार कुणी साध्या शिपायाबरोबर पुरत नाही, ती त्याच्या मुलाला लागते. म्हणून हातात मोडकी पाती आणि कुंपणाचे खुंट. "एकूण एक गोष्टीला कारण होतं, आई! आणि तू सगळं सारखं करून टाकलंस!"

मग तिथेच जमिनीवर बसली, गुडघ्यांत डोकं घालून. मी उभी, हातात ब्रश. डोळे मात्र तिचे कोरडेच.

एक खरं लिहिते. मनातून मला वाईट वाटलं नाही. दोन महिन्यांत पोर पहिल्यांदा माझ्याशी धड बोलली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोघी मिळून पुट्टी खरवडतोय. मी टाचणीनं, ती ब्लेडनं. करावं तसं भरावं!

मी विचारलं, "मेलेल्याला ढाल कशाला गं? आता आणखी काय मरायचंय त्याला?" म्हणाली, बाबा म्हणायचे, त्याला नकोच असते. छातीवर ठेवून पुरलेली असते म्हणून घेऊन उठतो. जे हातात दिलं तेच हातात राहतं. लोखंड गंजतं, पितळ कळकून हिरवं पडतं, सोनं तसंच राहतं — म्हणून राजा हाडांचा, मुकुट मात्र लखलखीत. गाडी बघून अपघात कसा झाला ते ओळखायचे, तसंच इथेही. आधी मरण ठरवायचं, मग रंग.

ह्यांच्या फौजेत एकही तिरंदाज नाही. का, तर धनुष्याची दोरी कधीच कुजली असणार! कवळीवाले भाऊजी ह्यावरून फार छळायचे म्हणे — "अरे, ज्या मांत्रिकाला मढं उठवता येतं, त्याला वाण्याकडे सुतळी मिळत नाही होय?" पण हे हटले नाहीत. तिरंदाजांवाचून वर्षानुवर्षं हरत राहिले. हट्ट म्हणजे हट्ट.

एका झेंड्याची पुट्टी निघेना. ओढली तर झेंडाच मोडेल. लेकीनं तो उजेडात धरला, म्हणाली, "राहू दे. हा उठल्यावर शिवलाय. मांत्रिकाच्या पदरी एक रफूवाली असेल." मला हसू आलं. तीही हसली — अर्धंच, पण हसली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ढालींवरच्या खुणा. माझे पांढरे तारे सगळे गेले. प्रत्येक ढालीवर वेगळी खूण, अर्धीमुर्धी पुसलेली — कोंबडा, चावी, मासा, झाडाचं खोड.

मी म्हटलं, फौज एका मांत्रिकाची, मग खूणही त्याचीच नको का? ती म्हणाली, "झेंडा जिवंत फौजेला लागतो, धुळीत आपली माणसं सापडावीत म्हणून. मेलेले चुकत नाहीत. त्यांच्या खुणा समोरच्यांसाठी असतात. समोर उभा आहे त्याला आपल्याच घरची ढाल दिसली पाहिजे. आजोबांची, बापाची. मग त्याचा हात उचलत नाही. मांत्रिकाला तेच हवं असतं."

ब्रश हातात तसाच राहिला. बाप-लेक इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून हे बोलत होते आणि मी आत बसून दुसऱ्यांच्या पँटी आखूड करत होते.

चावी मी रंगवली. बरी जमली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कवळीवाले भाऊजी आले, काडेपेटीत कापूस आणि कापसात हे!

खरंच हे. अंगठ्याएवढे. सांगाडाच, पण नाकावर चष्मा, खांद्याला तपासणीची पिशवी, डावा खांदा किंचित खाली. हातात मोठा झेंडा. कवळीच्या मसाल्यातून कोरलेत. "निशाणदार म्हणून पुढे उभा करू, वहिनी. दर फेरीला पडला तरी फासा टाकून उठवता येतो. मेलेल्यांच्या फौजेचं सगळं बळ तेवढंच — पडलेला पुन्हा उठतो."

मी तळहातावर घेतला. ठेववेना.

लेक म्हणाली, "नाही काका. ह्यात बाबा नकोत." मी म्हटलं, अगं किती प्रेमानं केलंय! तर म्हणाली, "ह्या फौजेत कोण येतं, आई? ज्यांना कुणीतरी झोपू दिलं नाही, ते. बाबांना नाही उठवायचं."

मला राग आला. फार राग आला. "तुला काहीच वाटत नाही का गं?" — बोलून गेले. ती उठून आत गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा "हं."

२३ नोव्हेंबर, रविवार

डाव झाला. वह्यांच्या दुकानावरचा तो क्लबाचा हॉल, लांब टेबलं, बल्बखाली मान घालून उभे असलेले टकले आणि दाढीवाले. ह्यांच्या तोंडून नावं ऐकलेली, माणसं आज बघितली. एकानं मला खुर्ची दिली. एकजण म्हणाला, "तिरंदाज नसलेली फौज!" आणि सगळे हसले.

मी काडेपेटी पर्समध्ये नेली होती. लेक फासे आणायला गेली तेव्हा निशाणदार पुढच्या रांगेत उभा केला, चावीवाल्या शिपायाशेजारी. परत आली, तिला दिसलं. काढला मात्र नाही.

खेळली झकास. कवळीवाल्या भाऊजींचे घोडेस्वार दोनदा मागे रेटले. मला काही समजत नव्हतं, पण बघणारे "वा!" म्हणायचे तेव्हा मी ताठ बसायचे. मग चौथ्या फेरीत भाऊजींचा फासा पडला आणि पुढची रांग कोसळली. त्यांनी एकेक पुतळा आडवा केला. निशाणदाराशी त्यांचा हात थांबला. "पोरी, तुझी पाळी. उठव त्यांना."

तिनं फासे हातात घेतले. मी तिच्या मागेच होते. मला ऐकू आलं, कुणीतरी म्हणत होतं — उठव ना. उठव ना गं त्यांना. मीच म्हणत होते, मोठ्यानं, चारचौघांत!

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. फासे खाली ठेवले. "आई, नको ना." निशाणदार उचलला, कापसात ठेवला, काडेपेटी बंद करून माझ्या हातात दिली. बाकीच्यांनाही उठवलं नाही. डाव हरली. भाऊजी जिंकले आणि रुमालात तोंड खुपसून बसले.

येताना बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा पिताना म्हणाली, "आई, बाबांना नेलं तेव्हापासून तू एकदाही रडली नाहीस. मी रडले तर तू मोडशील असं वाटायचं. तू आधी रडशील म्हणून थांबले होते गं मी."

आज दुकान उघडलं नाही.