गाडीखाली कोण जाणार

ट्रॉय, न्यूयॉर्क
२७ नोव्हेंबर १९८४

प्रिय मालूताई,

सुखरूप पोचले. बस स्प्रिंगफील्डला रखडली, एवढं सोडलं तर प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लॅबमधली भट्टी पुन्हा सुरू झाली आहे. तू दिलेली दाण्याची चटणी पुरवून खाते आहे. तुझी तब्येत मी विचारणार आहे, पण जरा पुढे.

हे पत्र शेजारच्या शोभाकाकूंच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट गिरीशराव आधी उघडतात आणि मग "लतिकाचं पत्र आलंय, विशेष काही नाही" असं तुला सांगतात. या पत्रात विशेष आहे की नाही, ते तू स्वतः ठरव.

आधी गाडीबद्दल लिहिते. ते मला सोपं जातं.

वुस्टरच्या बसस्टँडवरून मला घरी आणताना तुझ्या नवऱ्याने मला समजावून सांगितलं की इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाने लोखंड गंजतं. मी तीन वर्षं गंजावरच काम करते आहे, हे त्यांना माहीत आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात "आमची मेहुणी गंजाची डॉक्टर होणार" असं सांगून त्यांनीच चार लोकांना हसवलं होतं. तरी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. दिवाळीनंतर घरोघरचं तळणीचं तेल त्यांनी डब्यांत जमा केलं होतं आणि ते गाडीच्या खालच्या बाजूला फासायचं ठरवलं होतं. "गॅरेजवाले लुटतात. शेवटी तेल ते तेल," असं म्हणाले.

तेल ते तेल नसतं. चकल्या तळून काळं झालेलं तेल आंबट झालेलं असतं, त्यात मीठ उतरलेलं असतं. पत्र्यावर ते चिकट होतं आणि रस्त्यावरची माती, मीठ, ओल धरून ठेवतं. ज्याच्यापासून पत्रा वाचवायचा, तेच त्याला चिकटवून ठेवायची ही सोय आहे. घरीच करायचं असेल तर आधी खालचा चिखल पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, आणि मग त्या कामासाठी मिळणारं मेण लावायचं. दाराखालची बारीक भोकं मोकळी ठेवायची, कारण आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. गिरीशरावांनी ती भोकं आधीच डांबराने बुजवली होती. पाणी आत जाऊ नये म्हणून. आता दारं आतून सडतील. सडू देत.

शनिवारी सकाळी मी बाहेर आले तेव्हा शेजारचे जगन्नाथकाका चहाचा कप घेऊन तुमच्या ड्राइव्हवेत उभे होते आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मला वाटलं, गिरीशराव कामाला लागले. तेवढ्यात ते गॅरेजमधून तेलाचा दुसरा डबा घेऊन आले. मग मी पायांकडे नीट पाहिलं. आईने विणलेले लाल पायमोजे होते.

"खाली ताई आहे?"

"मग? ती बारीक आहे ना, सहज जाते. माझं पोट अडकतं," गिरीशराव म्हणाले. जगन्नाथकाका हसले. ते सगळ्यालाच हसतात.

गाडीची मागची बाजू डिकीतल्या जॅकवर उचललेली होती. आधाराला बागेतला एक पोकळ सिमेंटचा ठोकळा होता, तोही आडवा, भोकं बाजूला करून ठेवलेला. लोखंड वाकतं, कुरकुरतं, माणसाला क्षणभर तरी देतं. सिमेंट तसं काही करत नाही, ते एकदम फुटतं.

मी म्हटलं, "ताई, बाहेर ये."

"अगं झालंच. मागचं चाक राहिलंय फक्त," तू आतून म्हणालीस.

"तिला घाबरवू नकोस, लतिका. हात हलतो मग तिचा," गिरीशराव म्हणाले. त्यांच्या हातात टॉर्च होता. त्यांच्याकडे तेवढंच काम होतं.

भिंतीला टेकवलेली स्टेपनी मी गाडीच्या सांगाड्याखाली आडवी सरकवली. "इंजिनीअरबाई घाबरल्या," असं ते काकांना म्हणाले. मग तू बाहेर आलीस. केसांत तेल होतं. तू सरळ कुंपणाशी गेलीस आणि उलटी केलीस.

"वास सहन होत नाही तिला हल्ली," गिरीशराव म्हणाले.

ते 'हल्ली' मी विसरू शकत नाही. आदल्या संध्याकाळी कणीक मळता मळता तू मला सांगितलंस की तिसरा महिना चालू आहे, आणि यांनाही सांगितलंय. म्हणजे ते जाणून होते. जाणूनच त्यांनी तुला खाली घातलं.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस. ते जॅक उतरवायला वाकले आणि ठोकळा फुटला. जॅक कलंडला, गाडी स्टेपनीवर आदळली आणि तिथेच राहिली. गिरीशराव दोन पावलं मागे सरले, हात झटकले आणि म्हणाले, "बघ, काही झालं का?"

आणि तू हसलीस.

मला त्यांचा राग येत नाही. राग यायला समोरचा माणूस जरा मोठा असावा लागतो. माझं डोकं तुझ्या हसण्यावर अडलं आहे. नंतर स्वयंपाकघरात मी तुला विचारलं, "तू एम. एस्सी. केमिस्ट्री. तुला तेलाचं माहीत नव्हतं?"

"माहीत होतं गं," तू म्हणालीस. "सांगितलं की अख्खा दिवस जातो. करून टाकलं की अर्ध्या तासात मोकळं."

मला धातूंचा पहिला धडा तू दिलास, ताई, सांगलीच्या घरी, खिळे पाण्याच्या पेल्यात बुडवून. ती बाई अर्धा तास वाचवायला जॅकवरच्या गाडीखाली जाते, हे मला पटवून घेता येत नाही. उन्हाळ्यात छपराच्या पन्हाळी साफ करायला शिडीवरही तूच चढली होतीस. आता बर्फ पडेल. फावडं कुणाच्या हातात असेल, ते मला लिहून कळवायची गरज नाही.

तर तब्येत कशी आहे?

संसार मोड असं मी म्हणत नाही. माझ्याकडे एक खोली आहे, दुसरी गादी आणता येते, आणि दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर आहे. बाळ होईपर्यंत माझ्याकडे राहा. पुढचं तू ठरव. मला त्यात काही बोलायचं नाही, आणि बोलायचं असलं तरी मी बोलणार नाही.

येत्या शनिवारी मी मैत्रिणीची गाडी घेऊन शोभाकाकूंकडे येते. काकूंशी फोनवर बोलणं झालंय. "उशीरच झालाय, बाई," एवढंच त्या म्हणाल्या. तुमच्या दाराची बेल मी वाजवणार नाही. आलीस तर एकच बॅग घे. नाही आलीस तर काकूंकडे चहा पिऊन परत जाईन, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. रस्ता मला आता पाठ आहे.

तुमच्या घरच्या मोठ्यांना, म्हणजे गिरीशरावांना, या वेळी नमस्कार नाही. जे अजून यायचं आहे, त्याला मात्र मावशीचा आशीर्वाद.

तुझीच,
लतिका