सावित्रीला पणजी दाखवायचा प्रोग्राम

११ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे.

आजपासून रोजनिशी. कारण नवा प्रोग्राम सुरू होतोय. रामनगर बसस्टँडवर जन्मभर कंट्रोलरचं काम केलं, दुसऱ्यांना गाड्या लावून दिल्या. आता रिटायर झालोय तर स्वतः फिरायचं. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सावित्रीला घेऊन पणजी.

सकाळी तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक छोटं काम. तिच्या पोटातल्या गाठीसाठी सलाईनमधून औषध चढवणार आहेत. ते उरकलं की दिवस आपला. प्राजक्तानं मोबाईलवर एक पान पाठवलंय. प्राजक्ता म्हणजे आमची एकुलती मुलगी, बेळगावला नोकरी करते. पानावर लिहिलंय की पणजी हे कलाकारांचं शहर आहे आणि तिथे एका दिवसात करायच्या हटके गोष्टी अशा अशा. तिला गाठीचं माहीत नाही. तिला वाटतं, आईबाबांना या वयात फिरायची हौस आलीय. वाटू दे.

ठराव: रोगाचं नाव या वहीत लिहायचं नाही. गावात कुणाला सांगायचं नाही. घरात रडारड नाही.

सावित्री म्हणाली, निदान पोरीला आन् शेजारच्या कमलला तरी सांगूया की ओ, मनातलं कुणाजवळ तरी बोलाया नको का? तिला समजावलं. आजारपण गल्लीत कळलं की लोक बिस्किटाचे पुडे आणि शहाळी घेऊन येतात, खाटेभोवती बसून सुस्कारे सोडतात. त्यानं पेशंट खचतो. मी बसस्टँडवर हेच शिकलो. गाडी अनमोडच्या घाटात बंद पडलेली असायची, मी सांगायचो निघालीय, येईलच. माणसं शांत बसायची. खरं सांगितलं असतं तर दंगा झाला असता.

सावित्री गप्प बसली. म्हणजे पटलं.

त्याच दिवशी, रात्री.

आजचा आयटम होता फरशीवर चित्र काढायला शिकणं. निळ्या रंगात, पोर्तुगीज पद्धतीनं. छोटं काम चार वाजेपर्यंत चाललं. मग रिक्षा करून दुकानाशी पोचलो तर बंद. दाराला लावलेली एक फरशी मात्र नीट बघून घेतली. कोंबडा होता. सावित्री पायरीवर बसली होती, तिनंही मान वर करून बघितला. पहिल्या दिवसाच्या मानानं चांगलं झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

आज आयटम दोन: जुन्या वस्तीतून चालत रंगीत घरं बघणे. सावित्रीला औषधानंतर उभं राहवेना. दवाखान्याच्या दारापासून बसथांब्यापर्यंत चाललो. वाटेत एक पिवळं घर लागलं. नोंद घेतली.

परतीच्या घाटात तिला तीनदा उलटी. वळणांमुळे. पुढच्या वेळी लिंबू न्यायचं.

उतरल्या उतरल्या कमल भेटली. अण्णा, मजा हाय बगा तुमची, म्हणाली, ह्या वयात जोडीनं गोवा, आमच्या घरातलं मला खानापूरला बी नेईना. गल्लीत आमचं चांगलं नाव झालंय. सावित्री घरात गेली आणि चप्पल न काढताच निजली. हेवा वाटावा असं काहीतरी आपल्याजवळ आहे, याचा तिला आनंद व्हायला हवा होता.

१० डिसेंबर, बुधवार.

काल आयटम होता मगरी बघायची बोट. बोट सकाळची असते. पानावर लिहिलंय, मी वाचलं नव्हतं.

सावित्रीचे केस गळायला लागलेत. उशीवर, न्हाणीत, भाकरीच्या पिठात. यावर मी पणजीतच तोडगा काढला. गवताची रुंद टोपी घेतली, लाल फीतवाली. तिकडे सगळे टूरिस्ट घालतात. गल्लीत टोपी गाजली. कमल पोट धरून हसली, अक्का, मडमीण दिसालीस, म्हणाली. सावित्रीही थोडं हसली.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतो. पलीकडच्या घरी कमलची सासू गुडघ्याचं ऑपरेशन करून आलीय. अख्खी गल्ली तिला बघायला लोटली होती. सावित्रीही केळी घेऊन गेली, टोपी घालून. दारातल्या खुर्चीवर बराच वेळ बसली. म्हातारीच्या पायाला कुणी तेल लावत होतं, कुणी पेज आणली होती, एक बाई नुसतीच हात धरून रडत होती. मी बोलवायला गेलो तर सावित्री त्या बाईकडेच बघत होती. घरी येऊन म्हणाली, गुडघा हाय नुसता. मी म्हणालो, तेच तर, लोक उगाच करतात.

२३ डिसेंबर, मंगळवार.

धक्कादायक प्रकार. आमच्या पणजी गाडीच्या उमाजी कंडक्टरला सगळं माहीत आहे.

गाडीत चढलो तर पुढची सीट राखून ठेवलेली, वर उशीसुद्धा. मला म्हणतो, मामा, मामींचं औषध किती डाव राहिलंय अजून? मी गारच पडलो. चौकशी केली. मी गाडीत डुलकी काढतो तेवढ्यात सावित्री शेजारच्या बाईला सगळं सांगते. गाठ कुठे, कधी कळलं, रात्री कुठे दुखतं. अशा किती बायका झाल्या असतील! दवाखान्याजवळच्या चहावाल्यालाही माहीत आहे. तो तिला बिनसाखरेचा देतो आणि मला साखरेचा, न विचारता.

मी रागावलो. ती म्हणाली, ती माणसं रामनगरची न्हाईत की ओ, तुमचा ठराव कुठं मोडला. मग सांगायला लागली, अनमोडची एक म्हातारी होती, तिनं माझा हात धरला आन् रडली, उतरताना बी रडत हुती, माझ्यासाठी. कुणी नवी साडी नेसवल्याचं सांगावं तसं सांगत होती. मी खिडकी लावून घेतली.

ठराव: गाडीत झोपायचं नाही.

(परत येताना झोपलो. दमणूक.)

६ जानेवारी, मंगळवार.

प्राजक्ताचा फोन. बाबा, इतक्या वेळा जाऊन आलात, एक फोटो नाही? बरोबर आहे तिचं. आज ठरवून फोटो काढला. दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाबाहेर एक भिंत आहे, कुणीतरी फार सुंदर रंगवलीय. मासे, होड्या, माडाची झाडं. तिथे सावित्रीला उभं केलं, सलाईनचा हात मागे घ्यायला लावला, टोपी नीट केली. खाली लिहिलं, कलाकारांच्या शहरात!

प्राजक्तानं लगेच चार बदाम पाठवले. लिहिलं, आई किती बारीक झालीय, मस्त दिसते, मला पण डाएट सांग.

सावित्रीनं माझ्या हातातला मोबाईल घेऊन ते वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाली, पोरीला फसवालायसा तुमी. मी म्हणालो, फोटो खराच आहे.

२० जानेवारी, मंगळवार.

आजचा आयटम फार अभिनव. कानाला हेडफोन लावून नाचायची पार्टी. बाहेर आवाज नाही, त्यामुळे सावित्रीचं डोकं दुखणार नाही. कोपऱ्यात खुर्ची मिळेल का, हे फोनवर आधी विचारून ठेवलं होतं. इतकं प्लॅनिंग मी दिवाळीच्या जादा गाड्यांचंही केलं नसेल.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. फिल्म लाईटवर लावून काय काय दाखवलं. मला त्यातलं समजत नाही. मधे त्यांनी दोनदा खांद्यावर हात ठेवला, माणूस चांगला आहे. बाहेर येऊन सावित्रीला सांगितलं, फर्स्टक्लास. ती म्हणाली, मग डाक्टर दारापातुर का आला तुमच्यासंगट? मी म्हणालो, ओळख झालीय आता.

पार्टीला गेलो नाही. माझेच पाय दुखत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

आनंदाची बातमी! डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. औषध बंद. घरी न्या, जे आवडेल ते खायला घाला, दुखलं तर या गोळ्या द्या. म्हणजे सुट्टी! म्हणजे आता पणजीला यायचं ते फक्त मजेसाठी. मी लगेच ठरवलं, चौदा तारखेला कार्निव्हल आहे, मिरवणूक, चित्ररथ, सगळं दाखवायचं.

सावित्री म्हणाली, चौदा कशाला, आज हाय की वेळ. मी प्लॅनमधलं काही सुचवायच्या आत म्हणाली, आज मी सांगते तिथं जायाचं. गेलो मांडवीच्या धक्क्यावर. फेरीबोटीत बसून नदीपलीकडे बेतीला, तिथून त्याच बोटीनं परत, पुन्हा बेतीला. प्राजक्ताच्या पानावर हे नाहीच. कामावर जाणारी माणसं बसतात त्या बोटीत, स्कूटरी घेऊन. पण तिला आवडलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उघड्या डोक्यावर वारा घेतला. लोक बघत होते. तिला काही वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला, बोट निम्म्यात आली असताना ती म्हणाली, तुमी माझ्यासाठी एकदा बी रडला न्हाईसा. मग म्हणाली, मी गेल्यावर रडणार हाईसा न्हवं? मग आत्ताच रडा की ओ. मला बघू द्या तरी.

मी म्हणालो, काहीतरीच काय, डॉक्टरांनी सुट्टी दिलीय. ते पलीकडे बघ, केवढी मोठी जाहिरात लावलीय. तिनं जाहिरात बघितली. मग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसली. बोट धक्क्याला लागेपर्यंत बघत होती. मी म्हणालो, वारा फार आहे, पदर घे.

बोटीवर रडणं शक्यच नव्हतं. लोक होते. शिवाय आनंदाच्या दिवशी कोण रडतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

सावित्रीनं सगळे ठराव मोडले. मी दळण आणायला गेलो होतो, तेवढ्या वेळात प्राजक्ताला फोन केला आणि भिंतीवरून कमलला हाक मारली. परत येतो तर दारात चपलांचा ढीग. गिरणीतून निघालेलो मी, अंगभर पीठ, आणि कमल माझ्यावर धावून आली. अण्णा, तीन म्हैनं आमी हिला हसत हुतो, म्हणाली, मडमीण म्हणाले मी हिला, तोंडातनं एक शबुद काढला न्हाईसा! असलं कोण करतंय का? मग तिथेच उंबऱ्यावर बसून हुंदके द्यायला लागली.

आत सावित्री मधोमध बसली होती, टोपी नाही, काही नाही. चार बायका चिकटून. एक डोक्यावरून हात फिरवतेय, एक पाय दाबतेय. सगळ्या रडत होत्या, सावित्रीही रडत होती, आणि मधेच काहीतरी बोलून हसवतही होती. कित्येक महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. बिस्किटाचे पुडे मोजण्यापलीकडे. शहाळी कुठे ठेवायची हा प्रश्नच आहे.

मी चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच राहिलो. सगळे जाईपर्यंत. कुणीतरी चहाचं बघायलाच हवं ना. तिनं आतून दोनदा हाक मारली, इकडं या की ओ, बसा की माझ्याजवळ. मी म्हणालो, दूध उतू जाईल.

चौदाचा प्लॅन पक्का आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

प्राजक्ता रजा काढून आलीय. माझ्याशी बोलत नाही. आईच्या अंथरुणातच झोपते.

उमाजीला उद्यासाठी पुढच्या दोन सीट सांगितल्या. तो हो म्हणाला, पण कसंतरीच म्हणाला. सावित्रीला आज बसतं केलं तर मान धरवेना. सकाळपर्यंत तरतरी येईल. मिरवणूक दुपारची असते. आपण उशिरा निघालो तरी चालेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

गेलो नाही. गर्दी फार असते म्हणतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

सावित्री सकाळी गेली.

बायका सगळ्या जवळ होत्या. मी तालुक्याहून गोळ्या आणायला निघालो होतो, कोपऱ्यावरूनच परत बोलावलं. पुढचं सगळं मी नीट बघितलं. लाकडं, भटजी, नंदिगड्ड्याच्या पाव्हण्यांना निरोप, कोण कुठल्या गाडीनं येणार ते. एकही गाडी चुकली नाही. लोक म्हणाले, अण्णा धीराचे. उमाजी ड्युटी सोडून आला होता, तो ढसाढसा रडत होता. त्याला पाणी दिलं.

प्राजक्ता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नजर दिली नाही.

५ मार्च, गुरुवार.

पाहुणे गेले. आज सकाळी चहा टाकला. प्राजक्ता चहा घेत नाही, तरी सवयीनं दोन कप पाणी घातलं आणि एक कप ओतून द्यायला मोरीकडे गेलो, तिथेच रडू आलं. आवाज करून. थांबेना. प्राजक्ता धावत आली, म्हणाली, रडा बाबा, बरं वाटेल.

तिला सांगितलं, तुझ्या आईला बघायचं होतं गं हे.